ओल येते कुठून? बाहेर काढलेल्या खिडकीची निगा



पावसाळा सरला, दिवाळीची थंडी पडू लागली, की जुन्या घरांतून एक तक्रार हमखास कानावर येते. "खिडकीपाशी बसवत नाही हो. गार झोंबते. भिंतीला हात लावावा तर ओलसर लागते, आणि कोपऱ्यात काळे डाग उमटलेत." त्यावर शेजारी लगेच तोडगा सांगतो, "सिमेंटचा गिलावा करून घ्या आणि वरून ऑइलपेंट द्या. विषय संपला." घरधनी कर्जपाणी करून गवंडी बोलावतो. एक उन्हाळा बरा जातो. पुढच्या पावसाळ्यात पाहावे तर तोच डाग हातभर वर चढलेला, आणि नवा रंग पापुद्रे होऊन गळतो आहे. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशी गत होते ही.

असे का होते? ओल कुठून येते हे पाहण्याआधीच आपण ती झाकायला निघतो म्हणून. आज आपण एका विशिष्ट जागेच्या ओलीचा विचार करणार आहोत. ती जागा म्हणजे भिंतीच्या बाहेर काढलेली खिडकी. या एका खिडकीची ओल नीट समजली, तर घराच्या इतर भिंतींची, गोठ्याची आणि शाळेच्या वर्गाचीही समजेल.

सांगली आणि मिरज यांच्या मध्ये विश्रामबाग आहे. विलिंग्डन कॉलेज आणि वालचंद इंजिनिअरिंग कॉलेज यांच्यामुळे हे नाव सगळ्यांना ठाऊक आहे. अशा वस्तीतल्या जुन्या बंगल्यांत एखादी खिडकी भिंतीच्या तोंडाशी न बसवता दोन-अडीच फूट पुढे काढलेली दिसते. तिला समोर एक आणि बाजूंना दोन अशी तीन अंगे असतात, खाली बसायला कट्टा असतो. इंजिनिअर मंडळी तिला बे-विंडो म्हणतात. पाचगणी-महाबळेश्वरच्या इंग्रजी अमदानीतल्या बंगल्यांना अशा खिडक्या आहेत. आपल्या वाड्यांच्या माडीवरचा लाकडी सज्जा हाही त्याच जातीचा. उजेड भरपूर मिळतो, वारा मिळतो, रस्ता दिसतो. पण तीच गोष्ट ओलीच्या दृष्टीने अडचणीची ठरते.

साध्या खिडकीची एकच बाजू पावसाला आणि थंडीला तोंड देते. या खिडकीच्या तीन बाजू उघड्या असतात. वर तिचे स्वतःचे लहानसे छप्पर असते आणि पुष्कळदा खालचा तळही अधांतरी असतो. म्हणजे पाच बाजूंनी वारा लागतो. शिवाय कट्ट्याखालची भिंत बहुधा घरातली सर्वांत पातळ, साडेचार इंची असते. आणि काच तर थंडीला अडवतच नाही म्हटले तरी चालेल. नऊ इंची विटांच्या भिंतीतून जेवढी उष्णता बाहेर जाते, तिच्या दुपटीहून अधिक उष्णता तेवढ्याच मापाच्या एकेरी काचेतून निघून जाते. म्हणून हा कोपरा घरात सर्वांत आधी गार पडतो. आणि जिथे गार, तिथे पाणी जमते.

आता ओल घरात कोणत्या वाटांनी येते ते पाहू. वाटा तीनच आहेत.

पहिली वाट खालून. विटेत आणि मातीत केसाएवढी बारीक छिद्रे असतात. दिव्याची वात जशी तेल वर ओढते, तशी भिंत जमिनीतले पाणी वर ओढते. ही ओल जोत्यापासून सुरू होते आणि बहुधा गुडघा ते कंबरेएवढी चढते. तिच्याबरोबर जमिनीतले क्षारही चढतात. पाणी हवेत उडून जाते आणि क्षार मागे राहतात. त्यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो.

दुसरी वाट बाहेरून. पावसाचे पाणी भेगांतून, सांध्यांतून, फुटलेल्या कौलातून आत शिरते. आपल्याकडे मोसमी पाऊस पश्चिमेच्या वाऱ्याबरोबर येतो. त्यामुळे घराच्या पश्चिम अंगाला मारा जास्त. ही ओल पाऊस पडला की एक-दोन दिवसांत दिसते आणि उघडीप मिळाली की मागे हटते. तिच्या डागाला पिवळट कडा असते.

तिसरी वाट घरातल्या हवेतून. ही वाट लोक विसरतात. आपण श्वास सोडतो, स्वयंपाक करतो, आतच कपडे वाळत घालतो. त्या सगळ्याची वाफ होते. एक किलो स्वयंपाकाचा गॅस जळला की दीड किलोहून जास्त पाणी वाफेच्या रूपाने हवेत मिसळते. झोपलेला माणूस रात्रभरात श्वास आणि घाम मिळून पाव लिटरहून अधिक पाणी सोडतो.

आता हिशोब करा. दहा फूट रुंद, बारा फूट लांब आणि दहा फूट उंच अशी खोली घ्या. तिच्यात सुमारे ३४ घनमीटर हवा मावते. वीस अंश सेल्सिअसला एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १७ ग्रॅम वाफ राहू शकते. म्हणजे सगळ्या खोलीत पावणेसहाशे ग्रॅम. त्या खोलीत तिघे जण दारे-खिडक्या घट्ट लावून झोपले, तर रात्रभरात पाऊण लिटरच्या वर पाणी हवेत सोडतात. मावेल त्याहून जास्त! ते जादा पाणी जाणार कुठे? घरातल्या सर्वांत गार जागेवर. ती जागा म्हणजे आपली खिडकीची काच आणि तिच्या बाजूचा कोपरा. सकाळी काचेवरून ओघळ वाहतात ते पावसाचे नव्हेत, आपल्याच श्वासाचे असतात.

मग आपल्या घरात यांपैकी कोणती ओल आहे, हे ओळखायचे कसे? त्याला दमडी लागत नाही. डाग कुठे आहे आणि केव्हा वाढतो, हे आधी पाहा. खाली आणि बारमाही असेल तर जमिनीचा संशय धरा. पावसामागून येत असेल तर गळती. कडक थंडीत, पाऊस नसताना, काचेवर आणि कोपऱ्यात येत असेल तर घरातली वाफ. तरीही खात्री होत नसेल, तर प्लॅस्टिकचा हातभर तुकडा घेऊन ओलसर भिंतीवर ठेवा आणि चारी कडा चिकटपट्टीने बंद करा. दोन-तीन दिवसांनी पाहा. भिंतीकडच्या बाजूला थेंब जमले असतील तर ओल भिंतीतून येते. खोलीकडच्या बाजूला जमले असतील तर ती हवेतली. एखाद्या खिडकीला दोन्ही असतात, कधी तिन्हीही असतात. पण कोणती मोठी, हे कळले की पैसा योग्य जागी पडतो.

आता उपाय. यांचा क्रम चुकवू नका. आधी पाणी अडवायचे, मग भिंत वाळू द्यायची, मग थंडी रोखायची, आणि हवा खेळती शेवटपर्यंत ठेवायची. पहिल्या पायरीआधी तिसरी केली तर ओल आत कोंडली जाते.

पाणी अडवण्याची सुरुवात वरून करा. खिडकीचे लहान छप्पर घराच्या मुख्य भिंतीला जिथे टेकते, तो सांधा तपासा. तिथे पत्र्याची पट्टी भिंतीत खाच पाडून बसवलेली असावी, नुसती चिकटवलेली नको. मग छज्ज्याच्या खाली हात फिरवून बघा. कडेपासून दोन बोटे आत एक बोटभर रुंदीची खाच लांबीभर काढलेली असली पाहिजे. ती असेल तर पाणी तिथेच तुटून खाली टपकते. नसेल तर ते छज्ज्याच्या पोटाला चिकटून सरकत सरकत चौकटीपर्यंत येते. ही खाच गवंडी अर्ध्या दिवसात काढून देतो. खिडकीच्या खालच्या फरशीलाही बाहेरच्या बाजूला उतार हवा, आणि तिच्या पोटालाही तशीच खाच हवी.

त्यानंतर चौकट आणि भिंत यांमधली भेग. इथे आपल्या मातीचा स्वभाव ध्यानात घ्यावा लागतो. कृष्णाकाठची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून भेगाळते. शेतात ते आपण दरसाल पाहतो. घराखालीही तेच घडते. बाहेर काढलेल्या खिडकीचा पाया पुष्कळदा उथळ आणि हलका असतो, मुख्य भिंतीचा खोल असतो. त्यामुळे दोघे वेगवेगळे हलतात आणि मधल्या सांध्यात उभी भेग पडते. तिच्यात सिमेंट भरले तर पुढच्या वर्षी ती शेजारीच पुन्हा उघडते. हलणाऱ्या भेगेला लवचिक भरण लागते. भेग खरवडून स्वच्छ करा, आत दोरी ठासा, आणि वर बाजारात मिळणारे लवचिक सीलंट भरा. भेग दरसाल रुंदावत असेल, तर मात्र इंजिनिअरला दाखवल्याशिवाय काही करू नका. खिडकीच्या बुडाशी फुलझाडांचा वाफा असेल तर तो हलवा. त्या जागी बाहेर उतार देऊन शहाबादी फरशी बसवा, म्हणजे माती सारखी भिजणार नाही.

तावदानाची लांबी सुकून पडली असेल तर नवी भरा. खडूची बारीक पूड आणि जवसाचे तेल मळून केलेली जुन्या पद्धतीची लांबी अजूनही उत्तम काम देते. लाकूड कुजले आहे का, हे खिळ्याच्या टोकाने दाबून पाहा. खिळा लोण्यात जावा तसा शिरला, तर तेवढा तुकडा सुताराकडून बदलून घ्या. सगळी सागवानी चौकट फेकण्याचे कारण नाही.

पावसाचा मारा फारच असेल तर भिंतीला बाहेरून पांघरूण घालावे, हे शहाणपण आपल्याकडे जुने आहे. महाबळेश्वरात वर्षाला पाच हजार मिलिमीटरांच्या वर पाऊस पडतो. तिथे पावसाळ्यापूर्वी वाळलेल्या गवताच्या तट्ट्या घरांना बाहेरून बांधण्याची रीत पूर्वापार आहे. पाणी गवतावरून ओघळून जाते, भिंतीला लागत नाही, आणि गवतातून वारा फिरतो म्हणून भिंत घुसमटतही नाही. यातले तत्त्व कोणत्याही गावी उपयोगी पडेल.

आता जमिनीची ओल. कित्येक घरांत असे झाले आहे की रस्ता दर काही वर्षांनी वर आला आणि घराचे जोते खाली गेले. अंगण खिडकीच्या कट्ट्याला टेकले. अशा वेळी भिंतीलगतची माती वीतभर खाली काढणे हाच पहिला उपाय. पन्हळीचे पाणी जोत्याशी पडू न देता नळाने दूर सोडा.

आणि गिलाव्याचे काय? जुन्या भिंती विटा-चुन्याच्या, किंवा पांढऱ्या मातीच्या भेंड्यांच्या असतात. त्या थोडे पाणी घेतात आणि थोडे सोडतात. चुन्याचा गिलावा त्यांना हे करू देतो. सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग हे दार बंद करतात. पाणी बाहेर पडू शकत नाही, म्हणून ते आणखी वर चढते. सुरुवातीला सांगितलेला डाग हातभर वर सरकला, त्याचे कारण हेच. म्हणून जुन्या भिंतीला चुना आणि वर चुन्याची सफेदी. खर्चही कमी.

महापूर पाहिलेल्या गावांना ही गोष्ट विशेष सांगावीशी वाटते. २००५, २०१९ आणि २०२१ या साली कृष्णेचे पाणी सांगलीत शिरले. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पातळी ५७ फुटांवर गेली होती. असे पाणी घरात चार-सहा दिवस उभे राहिले की भिंत आतपर्यंत भिजते. जाड भिंत वाळायला दर इंचाला सुमारे एक महिना लागतो, असा ढोबळ हिशोब आहे. अठरा इंची भिंत म्हणजे दीड वर्ष. पण घरात लग्न असते, सण असतो, पोरांना भिंती काळ्या नको असतात. मग महिन्या-दोन महिन्यांत गिलावा आणि रंग होतो आणि ओल आतच राहते. पुन्हा तशी वेळ आलीच, तर खराब गिलावा काढून भिंत उघडी ठेवा, लोणा कोरड्या कुंचल्याने झाडून बाहेर टाका, आणि तात्पुरती चुन्याची सफेदी देऊन सण साजरा करा. पक्के काम पुढच्या उन्हाळ्यानंतर.

पाणी अडले, भिंत वाळली. आता थंडी. आपल्या आया-बहिणी वाकळ शिवतात. वाकळ स्वतः ऊब तयार करत नाही. जुन्या लुगड्यांच्या थरांमध्ये अडकलेली स्थिर हवा अंगाची ऊब बाहेर जाऊ देत नाही. खिडकीलाही अशीच वाकळ हवी.

सर्वांत उपयोगी वाकळ म्हणजे दुसरे तावदान. जुन्या खिडकीच्या आतल्या बाजूला दोन-तीन बोटे अंतर सोडून दुसरी काचेची चौकट बसवायची. मधल्या स्थिर हवेमुळे उष्णतेची गळती जवळजवळ निम्म्यावर येते. काच परवडत नसेल तर हलक्या लाकडी चौकटीवर पारदर्शक प्लॅस्टिकचा कागद ताणून बसवा आणि थंडी गेली की काढून ठेवा. फक्त एक पथ्य आहे. आतली चौकट घट्ट बसली पाहिजे, बाहेरची थोडी सैल चालेल. उलट केले तर घरातली वाफ मधल्या पोकळीत शिरून काचेवर धरते. झडपांच्या फटींना कापडाची किंवा रबराची पट्टी लावली तरी झोंबणारा वारा पुष्कळ थांबतो.

कट्ट्याखालची पातळ भिंत आणि अधांतरी तळ यांना आतून लाकडी पट्ट्या ठोकून वर फळ्या बसवता येतात. मध्ये थर्मोकोलसारखे ऊबदार भरण घालता येते. ते मात्र लवकर पेट घेते, म्हणून उघडे ठेवू नये आणि चूल, दिवा, विजेचे जोड यांच्याजवळ वापरू नये. हे काम भिंत पूर्ण कोरडी झाल्यावरच करायचे. ओल्या भिंतीवर फळ्या मारल्या तर मागे बुरशीचे रान माजते आणि दिसत नाही. कट्ट्याच्या पोटात अंथरुणे ठेवायची सवय असेल तर त्याच्या झाकणाला आणि बाजूला भोके पाडून ठेवा. जाड पडदा लावाल तर सकाळी तो नेमाने बाजूला सारा, कारण पडद्यामागची काच आणखी गार पडते आणि तिच्यावर पाणी जास्त धरते. ते रोज फडक्याने टिपून घ्या.

शेवटी हवा. थंडी आहे म्हणून घर डब्यासारखे बंद करू नका. वरची झरोक्याची वाट उघडी असू द्या. हिवाळ्यात दुपारी, आणि पावसाळ्यात उघडीप पाहून, समोरासमोरची दोन दारे दहा-पंधरा मिनिटे उघडा. झड लागलेली असताना उघडून फायदा नाही, बाहेरची हवाच भिजलेली असते. स्वयंपाकाची वाफ तिथल्या तिथे बाहेर काढा. आणि एक गोष्ट कळकळीने सांगतो. खोली वाळवायला किंवा ऊब आणायला बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपू नका. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. झोपलेला माणूस उठत नाही.

इतका खटाटोप कशासाठी, असे कोणी म्हणेल. ओलीमुळे केवळ रंग जात नाही. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ साली घरातील ओल आणि बुरशी यांवर मार्गदर्शक पुस्तक काढले. ओलसर, बुरशीच्या घरात राहणाऱ्यांना खोकला, श्वासाचे त्रास आणि दमा यांचा धोका अधिक असतो, असे त्यात नोंदले आहे. खिडकीच्या कट्ट्यावर कोण बसते? अभ्यासाला बसलेले लेकरू आणि उन्हाला बसलेली म्हातारी. बुरशी दिसली तर ती कोरडी झाडू नका, तिचे कण हवेत उडतात. नाका-तोंडाला फडके बांधून साबणाच्या पाण्याने पुसून काढा आणि जागा कोरडी करा. ओल गेली नाही तर ती पुन्हा येईल, हे मात्र लक्षात असू द्या.

शिक्षक मित्रांनो, हा विषय वर्गात फार सोप्या रीतीने शिकवता येतो. ताटलीत रंगीत पाणी घ्या, त्यात एक कोरडी वीट आणि एक खडू उभा करा. तास संपेपर्यंत पाणी किती चढले, ते मुले पट्टीने मोजतील. जमिनीची ओल समजली. मग पितळेच्या किंवा स्टीलच्या तांब्यात माठाचे गार पाणी घ्या, लागल्यास बर्फ टाका. बाहेरून थेंब जमतील. तांब्या गळतो का, असे मुलांना विचारा. वाद होऊ द्या. थेंब हवेतून आले, हे त्यांचे त्यांनाच कळले की खिडकीच्या काचेचे कोडे सुटेल.

त्यानंतर मुलांकडून शाळेचा ओलीचा नकाशा करून घ्या. आषाढात भिंतीवरच्या डागाच्या कडेने खडूची रेघ मारायची आणि तारीख लिहायची. श्रावणात पुन्हा, दिवाळीनंतर पुन्हा. वर्षभराने हा नकाशा शाळा व्यवस्थापन समितीपुढे ठेवला, तर दुरुस्तीचा पैसा कौलांवर खर्चायचा, पन्हळीवर की गिलाव्यावर, हे अंदाजाने ठरवावे लागणार नाही. घरी गेलेली मुले आपल्या खिडकीपाशीही तशीच रेघ मारतील.

आता कामाचे वेळापत्रक. यंदाच्या पावसात फक्त पाहा आणि खुणा करा. दिवाळीनंतर पन्हळी, सांधे आणि अंगणाचा उतार दुरुस्त करा. भिंतीला फाल्गुन ते वैशाखाचे ऊन खाऊ द्या. छज्ज्याची खाच, भेगांचे भरण आणि चुन्याचा हात ही कामे मृगापूर्वी संपवा. दुसरे तावदान पुढच्या थंडीला बसवा. शेजारी सिमेंटचे पोते घेऊन आलाच, तर त्याला आधी भिंतीवरची खडूची रेघ दाखवा आणि विचारा, "हे पाणी कुठून आलं, सांगा बघू?"